घरकुलाचा स्लॅब रात्रीही का तापतो? सेवाग्रामच्या कुटीत आहे उत्तर

वर्धा : मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. नव्या घरकुलात मग कूलर लावूनही झोप येत नाही, वर विजेचं बिल. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खाली खोलीत सोडतो.

महात्मा गांधी १९३६ मध्ये सेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथल्या कुट्या गावच्याच सामानातून उभ्या राहिल्या: माती, बांबू, वर कवेलू. जाड मातीची भिंत उशिरा तापते, कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही.

आता कवेलू परत घाला, असं कुणी म्हणणार नाही. माकडांचा धुडगूस आणि दरवर्षीची शाकारणी कोणाला झेपते? पण स्लॅबवर उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले, तर बरंचसं ऊन परत फेकलं जातं. समोरासमोर खिडक्या आणि छताजवळ झरोका ठेवला की हवा खेळती राहते.

दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं आत घुसतं. तिथे छज्ज्याचं काही चालत नाही, पडवी किंवा कडुनिंबच लागतो. खिडक्यांच्या जागा मिस्त्रीला आखणीच्या वेळीच सांगाव्यात. भिंत उभी राहिल्यावर तोडफोडीचा खर्च वेगळा.