मोसम नदी

मोसम नदी ही महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील बागलाण व मालेगाव तालुक्यांतून वाहणारी, गिरणा नदीची उपनदी आहे. तिच्या खोऱ्यातील सिंचनाची फड पद्धती सामूहिक पाणीवाटपाचे उदाहरण म्हणून अभ्यासली जाते.

भूगोल

मोसम सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ भागात उगम पावते. तेथून पूर्वेकडे व पुढे आग्नेयेकडे वाहत ती मालेगावनजीक गिरणेस मिळते. मुल्हेर, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर आणि मालेगाव ही तिच्या काठची प्रमुख गावे होत. गिरणा पुढे तापीस मिळत असल्याने मोसमचे पाणी अखेरीस अरबी समुद्रात जाते. याच जिल्ह्यात उगम पावणारी गोदावरी मात्र बंगालच्या उपसागरास मिळते. उगमाकडे पाऊस पुष्कळ पडतो, परंतु पूर्वेकडील भाग पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे खालच्या गावांतील शेती दीर्घकाळ नदीच्या प्रवाहावर अवलंबून राहिली.

फड पद्धती

मोसम, आरम व धुळे जिल्ह्यातील पांझरा या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धती प्रचलित होती. नदीवर दगडी बंधारा बांधून पाणी पाटात वळवले जाई व उताराच्या आधारे शेतांपर्यंत नेले जाई. बंधाऱ्याखालील जमिनीचे साधारणतः चार भाग असत. त्या प्रत्येकास फड म्हणत. एका फडात एका वेळी एकच पीक घेतले जाई आणि पिकांची फेरपालट होई. ऊस कोणत्या फडात लावायचा, हे गावकरी मिळून ठरवत. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असे. पाणी कमी पडल्यास एखादा फड पडीक ठेवला जाई, त्यामुळे टंचाईचा भार एकट्यादुकट्यावर पडत नसे. पाटकरी पाणी देई, तर जागल्या पिकांची राखण करी. शेताला स्वतः पाणी देण्याची मुभा शेतकऱ्यास नसे. पाटाची साफसफाई व दुरुस्ती सर्वांनी मिळून करावयाची असे. उरलेले पाणी सांडीवाटे नदीत परत जाई.

इतिहास

नदीच्या वरच्या खोऱ्यातील मुल्हेर हे बागलाणच्या बागूल राजांचे राजधानीचे ठिकाण होते. इ.स. १६३८ मध्ये बागलाण मोगलांच्या ताब्यात गेले. अठराव्या शतकात पेशव्यांचे सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनी मालेगाव येथे मोसमच्या डाव्या काठी भुईकोट किल्ला बांधला. किल्ल्यास एका बाजूने नदीचे संरक्षण लाभले होते. इ.स. १८१८ च्या मे-जून महिन्यांत इंग्रजांनी त्यास वेढा घातला. अरब शिबंदीच्या प्रखर प्रतिकारानंतर किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

सद्यस्थिती

बागलाण तालुक्यात मोसमवर हरणबारी धरण आहे. धरणे, विहिरी व विद्युत पंप यांच्या प्रसारानंतर प्रत्येक शेतकऱ्यास स्वतंत्रपणे पाणी व पीक निवडणे शक्य झाले आणि फडांची सामूहिक शिस्त बहुतेक ठिकाणी क्षीण झाली. मालेगाव शहरात सांडपाणी व कचऱ्यामुळे नदी प्रदूषित झाली असून पावसाळ्याव्यतिरिक्त तिच्या पात्रात नैसर्गिक प्रवाह अल्प असतो.