अस्सल गाडी आणि तिचा दाखला

सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला मूळ प्रत आणि सत्यप्रत यांतील भेद कोणी समजावून सांगण्याची गरज नसते. तथापि 'मूळ' म्हणजे नेमके काय, या प्रश्नाने मला प्रथम अडवले ते अमेरिकेत. काही वर्षांपूर्वी अल्पकालीन प्रशिक्षणासाठी मिशिगन राज्यात असताना एका रविवारी जवळच्या गावातील जुन्या मोटारींचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. शाळेच्या वाहनतळावर बॉनेट उघडून ओळीने उभ्या केलेल्या गाड्या आणि शेजारी घडीच्या खुर्च्यांवर बसलेले मालक, असे त्याचे घरगुती स्वरूप होते. त्यांत १९६५ सालच्या दोन पाँटियॅक जीटीओ जवळजवळ उभ्या होत्या. पहिलीच्या काचेमागे कारखान्याच्या बीजकाची प्रत चौकटीत लावलेली होती. दुसरीपुढे हाताने लिहिलेली पाटी होती : इंजिन बदललेले, ब्रेक नवे, चाके वडिलांनी गाडी घेतली त्याच महिन्यात बदललेली. पहिली 'मूळ स्वरूप' गटात, तर दुसरी 'फेरबदल' गटात. या दोहोंतील अधिक खरी कोणती, हा विचार परतीच्या वाटेवर पाठ सोडीना.

मोठे इंजिन मध्यम आकाराच्या व बेताच्या किमतीच्या गाडीत बसवले की जी वेगवान गाडी तयार होते, तिला अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. तिचा उदय बहुतेक इतिहासकार १९६४ च्या जीटीओपासून मोजतात, आणि तो उदय एका नियमाला दिलेल्या बगलेतून झाला. जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक असा होता की, मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये. पाँटियॅक विभागाचे तेव्हाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली. नवे मॉडेल काढावयाचे तर वरिष्ठांची संमती हवी. परंतु जुन्या मॉडेलावर ग्राहकाने मागितलेली 'ऐच्छिक जोडणी' या सदरात ३८९ घन इंचांचे इंजिन दिल्यास तशी संमती लागत नव्हती. जीटीओ अशा रीतीने टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवरील सुमारे ३०० डॉलरची जोडणी म्हणून जन्मली. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या आणि यशापुढे दंडक निमूटपणे मागे सरला. प्रशासनातील वाचकांना हा प्रकार अपरिचित वाटू नये.

या पळवाटेचा एक परिणाम मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नसावा. जीटीओ कागदोपत्री स्वतंत्र मॉडेल नसल्यामुळे १९६४ व १९६५ च्या गाड्यांच्या ओळख क्रमांकावरून ती जीटीओ आहे की साधी ल मान्स, हे कळतच नाही. १९६६ मध्ये तिला स्वतंत्र श्रेणी मिळाली आणि क्रमांकात '२४२' हे आकडे आले. तेव्हापासून ही अडचण दूर झाली. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांची खातरजमा आजही कारखान्याच्या बीजकांच्या जतन केलेल्या प्रतींवरूनच करावी लागते. पाँटियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था त्या शुल्क घेऊन पुरवते. त्या रविवारी चौकटीत लटकत होती ती अशीच प्रत.

दुसरे उदाहरण १९६९ चे. शेव्हरोलेच्या कमॅरोत ४०० घन इंचांहून मोठे इंजिन देण्यास कंपनीची मनाई होती. परंतु 'सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर', संक्षेपाने 'कोपो', नावाची एक कार्यालयीन तरतूद होती. टॅक्सी व पोलीस गाड्यांसारख्या घाऊक ग्राहकांच्या विशेष मागण्या तीतून पुऱ्या केल्या जात. काही चाणाक्ष विक्रेत्यांनी याच तरतुदीखाली ४२७ घन इंचांच्या इंजिनाच्या कमॅरो मागवल्या. त्यांतील अॅल्युमिनियमच्या झेडएल-१ इंजिनाच्या गाड्या केवळ ६९ निघाल्या. पेनसिल्व्हेनियातील डॉन येन्को यांच्यासारखे विक्रेते तर सुरुवातीस कारखान्याहून आलेल्या गाडीचे इंजिन स्वतःच्या दुकानात बदलून ती नवी म्हणून विकत. आता अशी गाडी मूळ म्हणावी की फेरबदल केलेली? तिचे 'मूळ' स्वरूपच फेरबदलाचे आहे.

ग्राहकही मागे नव्हते. या गाड्या घेणारा वर्ग प्रायः तरुण होता. गाडी घरी येताच क्रेगरची चकचकीत चाके, हर्स्टचा गिअर दांडा, धुराड्याच्या नव्या नळ्या बसवणे हा रिवाजच होता. पहिल्या दिवसाची कारखान्यातील गाडी दुसऱ्या दिवशी तशी राहत नसे. म्हणूनच त्या काळच्या पद्धतीने सजवलेल्या गाड्यांना आजही 'डे टू' म्हणतात. शर्यतीत इंजिने फुटत आणि हमी असेल तर विक्रेता दुसरे बसवून देई. गाडीचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक जुळतो का, हे तेव्हा पाहावयाचे कोणाला सुचावे? पुढे विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हे युग संपवले, आणि या गाड्या काही काळ कवडीमोल झाल्या.

किमती चढल्या तेव्हा मात्र चित्र पालटले. १९७१ च्या प्लिमथ बाराकुडात सर्वांत शक्तिशाली 'हेमी' इंजिन घेण्यासाठी नव्या गाडीवर नऊशे डॉलरच्या आतबाहेर जादा द्यावे लागत. उघड्या टपाच्या अशा अवघ्या ११ हेमी-कुडा निघाल्या. त्यांतील एक २०१४ मध्ये सिअॅटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. साध्या गाडीत आणि तिच्यात बाह्यतः फरक थोडा, किमतीत आकाशपाताळाचा. मग ब्लॉकवरील जुने आकडे घासून नवे ठोकणे, बनावट पट्ट्या व कागद तयार करणे हे ओघानेच आले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध आठवल्याखेरीज राहत नाही. विक्रेत्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. म्हणून सावध ग्राहक सरासरीहून अधिक किंमत देत नाही आणि चांगला माल बाजारातून मागे सरतो. हा निबंध १९७० चा, म्हणजे मसल कारच्या ऐन भरातला, हा योगायोग गमतीचा आहे. २००१ मध्ये अकरलॉफ यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या अविश्वासावर संस्थांनी उपाय योजले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अँटीक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेचा निकष असा की, विक्रेत्याने नवी गाडी ज्या स्थितीत ग्राहकाच्या हवाली केली असती, ती स्थिती प्रमाण. परंतु निकषाला गुण जोडले की माणसे गुणांसाठी झटतात. कामगारांनी खडूने केलेल्या खुणा, रंगाचे ओघळ हेसुद्धा कारागीर आता हुबेहूब काढतात. किंबहुना काही गाड्या कारखान्यातून निघाल्या त्याहून नेटक्या झाल्या आहेत. यावर प्रतिक्रिया म्हणून न रंगवलेल्या, न उलगडलेल्या गाड्यांसाठी 'सर्व्हायव्हर' गट आले, जुने बाह्यरूप राखून आत आधुनिक यंत्रणा बसवलेल्या 'रेस्टोमॉड' गाड्यांना वेगळा मान मिळू लागला आणि 'डे टू' गाड्याही अभिमानाने मिरवू लागल्या. एका शुद्धतेच्या जागी अनेक प्रामाणिक वर्ग आले. जो मालक एरवी खोटे बोलता, त्याला खरे बोलण्यास जागा मिळाली.

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. चासी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू स्तुत्य आहे. परंतु आयातनिर्बंधांच्या दशकांत परदेशी सुटे भाग दुर्मीळ झाले, तेव्हा आपल्याकडील कित्येक जुन्या परदेशी गाड्यांत देशी इंजिने बसवून त्या धावत्या ठेवल्या गेल्या. त्या इंजिनात आपल्या परवाना-राज्याचा इतिहास आहे. अशा गाडीच्या मालकापुढे, अट काटेकोरपणे लावल्यास, दोनच मार्ग उरतात : नोंदणीवर पाणी सोडणे किंवा कोठून तरी 'मूळ' इंजिन पैदा करून गाडीचा खरा इतिहास पुसून टाकणे. दुसरा मार्ग शासनाने अजाणता पुरस्कृत करू नये, असे मला वाटते. केलेला फेरबदल, त्याचे साल व कारण यांची नोंद घेऊन वेगळा वर्ग करणे कठीण नाही.

त्या दिवशी चषक कोणाला मिळाला, हे पाहण्यास मी थांबलो नाही. पण ती हाताने लिहिलेली पाटी मला आजही आठवते. कोणी मागितला नसताना दिलेला तो पूर्ण जबाब होता, आणि असे जबाब नोंदवून घेणे हेच तर आमच्या खात्यांचे मूळ काम आहे.