देवलांचा गंधार

सांगलीत 'देवल' म्हटलं की 'शारदा' नाटक आठवतं. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं नाव इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, आणि ते असायलाच हवं. पण त्यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं नाव काढलं, तर गाण्यातले जाणकारही क्षणभर अडतात. ज्यांना आठवतं ते विचारतात, "बडोद्याला जिची हार झाली ती पेटी यांचीच ना?" मी पेट्या, म्हणजे हार्मोनियम, सुरात लावणारा माणूस. सांगली-मिरजेच्या गायकांच्या आणि शाळांच्या, कऱ्हाड-साताऱ्याकडच्या भजनी मंडळांच्या पेट्या माझ्या हाताखालून जातात. या वाद्याचा आपल्या भागात सगळ्यात खोल विचार कोणी केला असेल तर तो कृष्णाजीपंतांनी, असं माझं ठाम मत आहे.

ते पेशानं गवई नव्हते. सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होऊन निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी १९१० साली सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, एक इंग्रजी पुस्तक छापलं. भरत आणि शार्ङ्गदेव या जुन्या ग्रंथकारांनी सांगितलेल्या श्रुती म्हणजे नेमक्या किती कंपनांचे स्वर, हे आकड्यांत मांडायचा त्यांचा प्रयत्न होता. तेव्हा आजचा सांगली जिल्हा नव्हता. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं, आणि त्यांना लागून इंग्रजांचा सातारा जिल्हा. पण गाण्याच्या दृष्टीनं हा टापू फार श्रीमंत होता. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिष्य घडवले होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच शिकले. मिरजेचे कारागीर तंबोरे घडवत होते. अब्दुल करीम खाँसाहेबांचं जाणं-येणं आणि पुढे वास्तव्यही मिरजेचंच. देवलांच्या कानावर सुरेल गाणं रोज पडत होतं, आणि गाण्याच्या त्याच घरांमध्ये हार्मोनियमही शिरत होती.

त्या पेटीत त्यांना काय खटकलं, ते माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा. गळ्यातला शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. बाजारातल्या पेटीचा गंधार मात्र ३०२ च्या थोडा वर लागतो, कारण तिचे बाराही स्वर सारख्या अंतरानं वाटलेले असतात. दोन-अडीच कंपनांचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. पण षड्ज आणि गंधार एकत्र दाबून भाता सावकाश ओढला, तर वरच्या सुरांत सेकंदाला नऊ-दहा लहरी उठतात आणि सूर थरथरत राहतो. पितळी सुराची पात मुळाशी कानशीनं हलकेच घासली की स्वर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. मुळाशी घासत घासत गंधार खाली आणला, की लहरी संथ होत होत थांबतात आणि दोन सूर एकमेकांत मिसळतात. पेटी लावताना मला सगळ्यात प्रिय असा हाच क्षण.

मिरजेच्या तंबोऱ्यात तो गंधार कोणी न लावता वाजतो. खर्जाची तार नीट जुळली आणि जवारी चांगली असली, की तिच्यातून आपोआप उमटणारा गंधार तोच, सव्वापटीचा. म्हणजे एकाच बैठकीत तंबोरा एक गंधार सांगतो आणि पेटी दुसरा. हे ऐकत सगळेच होते. पण फरक किती, हे मोजायला देवल बसले.

मोजताना त्यांनी नुसत्या पोथीवर भिस्त ठेवली नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला. हिंदुस्थानी गायकाचा गळा हाच पुरावा मानून आकडे लिहायचे, हे त्या काळी नवं होतं. मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले. दोघांच्या खटपटीतून फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी राहिली, आणि लंडनच्या एच. कीथ मूर यांच्याकडून श्रुति-हार्मोनियम तयार होऊन आली.

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. जमलेल्या कलावंतांच्या कसोटीला ती पेटी उतरली नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनाही देवलांची श्रुतींची मांडणी पटली नाही. तिथून पुढे देवलांचं नाव मागे पडत गेलं.

कारागीर म्हणून मला त्या हारीची कारणं समजतात. एका षड्जावर सगळ्या श्रुती जुळवल्या की पट्टी बदलता येत नाही. आणि आपल्याकडे कोणी काळी एकमध्ये गातं, कोणी पांढरी पाचमध्ये. बारा पट्ट्यांना सरावलेली बोटं बावीस जागा शोधू लागली तर गायकाच्या मागे धावणार कशी? तिसरं कारण सगळ्यात खोल आहे. पुढच्या संशोधकांनी यंत्रांनी मोजून पाहिलं, तेव्हा एकाच गायकाचा एकाच रागातला गंधारही ठिकठिकाणी वरखाली होताना दिसला. गळ्यातला स्वर बावीस खुंट्यांना बांधून घालता येत नाही. देवलांचं उत्तर इथे तोकडं पडलं, हे मान्यच करायला हवं.

प्रश्न मात्र पुढे सगळ्यांना भेडसावत राहिला. १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. बंदीमागे एक आक्षेप तोच होता: ही पेटी आपले स्वर देत नाही. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या ग. ह. रानड्यांनी हिंदुस्थानी स्वरांचा शास्त्रीय अभ्यास पुढे नेला. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा सिद्ध केली. बारा पट्ट्या तशाच ठेवून षड्ज-पंचम सोडून प्रत्येक स्वराची श्रुती बदलायची सोय त्यांनी केली. म्हणजे बोटांची अडचण त्यांनी सोडवली. देवलांनी धरलेला ध्यास वाया गेला नव्हता.

बंदी घालणाऱ्यांनी पेटीला दाराबाहेर काढलं. देवलांनी तिला घरात ठेवून सुरात आणायचा प्रयत्न केला. या दोन वाटांतली देवलांची वाट मला मोठी वाटते, कारण पेटीशिवाय ना आपलं नाट्यसंगीत उभं राहिलं असतं, ना गावोगावचं भजन.

सांगली-साताऱ्यातल्या संगीत शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात मिरजेचा तंबोरा जुळवा, मुलांना त्यातला गंधार ऐकवा, मग पेटीचा गंधार दाबा. फरक मुलांना लगेच कळेल. तो कळला, की हा फरक ज्यानं उतारवयात बसून मोजला त्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचं नाव त्यांना सांगा. सांगलीनं दोन्ही देवल लक्षात ठेवले पाहिजेत.