आधी लग्न की आधी कार्ड?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी लिहिलं की ऐकायला वेळ मिळत नाही, वाचायला द्या. म्हणून हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जे जास्तीचं बरळलो ते कापलंय, पण सगळंच नाही.

विषय आमच्या घरातूनच आला. माझा चुलत दादा बारा-तेरा वर्षं अमेरिकेत आहे. आमच्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. वय सदतीस, लग्न नाही. कारण विचारलं की एकच उत्तर, "ग्रीन कार्ड झालं की करू." भारतीयांची ती रांग किती लांब आहे हे तुमच्यापैकी अनेकांना घरबसल्या माहीत असेल. तर यंदा त्याची तारीख एकदाची जवळ आली. इकडे रिसोडला बैठक बसली. मुलगी कारंजाची, पसंती झालेली. मोठे काका म्हणाले, "आता एवढे दिवस थांबलाच आहे, तर कार्ड हातात येऊ दे. मंग लावू बार धूमधडाक्यात." सगळ्यांनी माना हलवल्या. मुलीकडच्यांनाही तेच बरं वाटलं. कार्डवाला जावई म्हणजे पक्कं काम.

आणि फोनच्या स्पीकरवर दादा जवळजवळ ओरडला, "नाही काका, उलटं! आधी लग्न, मग कार्ड!"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. नोकरीच्या रांगेतून ग्रीन कार्ड मिळतं तेव्हा त्या दिवशी जी बायको असेल, ती त्याच अर्जाच्या आधाराने मागून येऊ शकते. तिला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पण लग्न कार्डच्या एक दिवस नंतर झालं, तर ती होते 'ग्रीन कार्डधारकाची पत्नी'. तो वेगळा वर्ग आहे. त्याला दरवर्षी ठराविकच जागा, म्हणजे पुन्हा रांग, आणि ती वर्षांत मोजायची. नवरा तिकडे, बायको कारंजात. माणसं तीच, लग्न तेच, फक्त दोन तारखांचा क्रम बदलला.

आमच्या धंद्यात याला रेस कंडिशन म्हणतात. दोन कामं एकाच वेळी चाललेली असतात आणि आधी कोणतं संपतं यावर उत्तर बदलतं. कोडमध्ये असं सापडलं की आपण बग म्हणतो. कायद्यात त्याला नियम म्हणतात.

हे असं कधीपासून आहे म्हणून शोधायला बसलो आणि एका माणसाच्या गोष्टीत अडकलो. सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून तुम्हाला वाटेल सदाशिव पेठेतले असतील, पण जन्म अहमदाबादचा, १८७५ चा. १९०६ साली ते अमेरिकेला गेले, व्याख्यानं देत फिरले आणि पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' माणसाला आणि आफ्रिकी वंशाच्या माणसाला मिळायचं. हिंदुस्थानी माणूस गोरा की नाही, यावर कोर्टाकोर्टांत वेगवेगळे निकाल येत होते. पंडितांनी अर्ज केला, वाद झाला, सरकारची बाजूही ऐकली गेली, आणि १९१४ साली लॉस एंजेलिसच्या कोर्टाने त्यांना नागरिक करून टाकलं. सरकारने त्यावर अपील केलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरच उभं आहे.

मग पंडित वकील झाले, घर घेतलं, आणि १९२० मध्ये लिलियन स्ट्रिंगर नावाच्या गोऱ्या अमेरिकन बाईशी लग्न केलं.

आता लिलियनच्या बाजूने बघा. १९०७ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. तिने देश सोडला नसला तरी. जन्मली तिथेच, राहते तिथेच, पण लग्नाच्या दिवसापासून परकी. १९१५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानेही हे कायदेशीर ठरवलं. पुरुषाने परदेशी बायको केली तर मात्र त्याचं काही जात नव्हतं, हे सांगायला नको.

(इथे मला आपल्या प्रभावतीगुप्ता आठवल्या. गुप्तांची मुलगी, विदर्भात वाकाटकांकडे दिलेली, नवरा गेल्यावर राज्य चालवणारी. आपल्या वाशिमच्या वत्सगुल्म शाखेतली नव्हे, नंदिवर्धनच्या शाखेतली. तिच्या ताम्रपटात ती स्वतःचं गोत्र धारण असं लिहिते, म्हणजे माहेरचं. पाचव्या शतकात. असो.)

लिलियनचं १९२० मध्ये काहीच गेलं नाही, कारण त्या दिवशी नवरा अमेरिकेचा नागरिक होता. १९१४ चा कागद १९२० च्या कागदाच्या आधी होता, म्हणून वाचली.

आणि मग १९२३ आलं. भगतसिंग थिंद नावाच्या माजी सैनिकाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. थिंद यांच्या वकिलांत पंडितही होते. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला. सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदू गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. सरकार एवढ्यावर थांबलं नाही. ज्या हिंदुस्थानी लोकांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यावर एकेक करून खटले भरायला लागलं, की तुमचं नागरिकत्व मुळातच बेकायदा होतं, परत द्या. त्या यादीत खुद्द वकीलसाहेबांचं नाव आलं.

'मुळातच बेकायदा' हा शब्द नीट बघा. आजपासून रद्द, असं ते म्हणत नव्हते. सुरुवातीपासूनच नव्हतं, असं म्हणत होते. म्हणजे १९२० च्या लग्नाच्या दिवशी पंडित परदेशी होते असं ठरणार. म्हणजे लिलियनने त्या दिवशी परदेशी माणसाशी लग्न केलं असं ठरणार. तीन-चार वर्षांनी मागे जाऊन तिचं नागरिकत्व पुसलं जाणार. १९२२ मध्ये नवा कायदा येऊन बायकांचं नागरिकत्व बरंचसं वाचलं होतं, पण त्यातही एक खुंटी ठेवलेली होती. नवरा 'नागरिक होण्यास अपात्र' वंशाचा असेल तर सवलत नाही. जिचं आधी गेलं असेल तिला, तसा नवरा असेपर्यंत, परत मिळवता येणार नाही. थिंद निकालाने सगळे हिंदुस्थानी त्याच खुंटीला टांगले. आणि लिलियनच्या नावावर इम्पीरियल व्हॅलीत जमीन होती. कॅलिफोर्नियात अपात्र परदेशी माणसाला शेतजमीन धरता येत नव्हती, त्यामुळे तीही धोक्यात.

पंडितांनी कोर्टात काय केलं? मी गोरा आहे हा वाद त्यांनी पुन्हा घातलाच नाही. तो थिंद प्रकरणात हरून झाला होता. ते तारखांवर लढले. म्हणाले, १९१४ साली हा प्रश्न कोर्टापुढे होता, सरकारला बोलायची संधी होती, निकाल लागला, तुम्ही अपील केलं नाही. त्या कागदावर विसंबून मी वकिली उभी केली, घर घेतलं, लग्न केलं. आता इतक्या वर्षांनी तोच प्रश्न उकरून काढता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टाने हे मान्य केलं. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारची दाद ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने असे बाकीचे खटले गुंडाळले.

मला सगळ्यात जास्त काय भावलं सांगू? हा माणूस न्यायाच्या मोठ्या प्रश्नावर हरला आणि बारीक प्रश्नावर जिंकला. आपल्याला शाळेत मोठे प्रश्न शिकवतात. पण त्या घरातली बाई वाचली ती अपिलाची मुदत निघून गेली या मुद्द्यावर.

सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. क्रांतिकारक तारकनाथ दासही १९१४ मध्येच नागरिक झालेले. पण त्यांनी मेरी मोर्स यांच्याशी लग्न केलं १९२४ मध्ये, थिंद निकालानंतर. तिला पासपोर्ट नाकारला गेला. १९२६ मध्ये तिने 'द नेशन' साप्ताहिकात लेख लिहिला, देश नसलेली बाई अशा अर्थाचा.

वैष्णोदास बगाई यांचं त्याहून वाईट झालं. १९१५ मध्ये ते बायको कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. दोनच वर्षांनी, १९१७ च्या कायद्याने, आशियाचा मोठा तुकडा नकाशावर रेघ मारून बंद केला. त्यानंतर असं कुटुंबासकट येणं फारच अवघड झालं, म्हणजे कलाबाईंच्या बाबतीत वेळ साधली होती. १९२१ मध्ये बगाई नागरिक झाले, थिंद निकालानंतर ते गेलं. दुकान विकावं लागलं. हिंदुस्थानात येऊन जायचं म्हटलं तर अमेरिकन पासपोर्ट नाही, ब्रिटिश घ्या म्हणाले. ज्या सरकारला सोडून ते गेले होते त्याचाच. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. कलाबाई तिथेच राहिल्या, मुलांना शिकवलं. आज बर्कलीत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

पुढचं भराभर सांगतो. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिक होण्याची परवानगी मिळाली आणि वर्षाला १०० जणांचा कोटा. शंभर. आमच्या गावच्या जत्रेत एका पाळण्याच्या रांगेत एवढे लोक असतात. १९६५ च्या कायद्याने वंशाचा हिशोब गेला आणि नागरिकाच्या नवरा-बायकोला संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवलं. १९८६ मध्ये खोट्या लग्नांना आळा म्हणून आणखी एक तारीख घुसवली. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड सशर्त, दोन वर्षांचं. मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. म्हणजे एक वर्ष अकरा महिन्यांचं लग्न घेऊन विमानातून उतरलात तर एक, आणि महिनाभर थांबून उतरलात तर वेगळं.

"अमेरिका अशीच" असं म्हणून हात झटकू नका. आपल्याकडेही बघा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले, मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन करणारे. १९३६ मध्ये तिथे त्यांनी बेल्जियन जीन सिंदिक यांच्याशी लग्न केलं. देश स्वतंत्र झाल्यावर परत यायला निघाले तर आधी व्हिसा नाकारला. इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव नव्या सरकारच्या फायलीत तसंच राहिलं होतं! शेवटी १९४९ मध्ये येता आलं, आणि १९५५ मध्ये ते नागपूरला कायमचे आले. त्याच वर्षाच्या शेवटी आपला नागरिकत्व कायदा झाला. त्यात भारतीयाशी लग्न केलेल्या बाईला नोंदणी करून नागरिक होता येत होतं. बाईलाच. भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला ती वाट १९८६ पर्यंत नव्हती. आज दोघांना आहे, पण भारतात सात वर्षं राहिल्यावर. आणि ओसीआय कार्डासाठी लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झालेली लागतात. नुसतं लग्न होऊन नाही, नोंदणी होऊन. सात फेरे आधी घेतले आणि नोंदणी चार वर्षांनी केली, तर घड्याळ चार वर्षं बंदच होतं असं समजा.

आता वाशिमच्या लोकांसाठी खास. आपला जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आपण अकोल्यात. दादाच्या जन्मदाखल्यावर जिल्हा अकोला, पासपोर्टवर वाशिम. हे चुकीचं नाही, पण परदेशातल्या टेबलामागच्या माणसाला ते दोन वेगळे गाव वाटू शकतात. माझाही दाखला अकोल्याचाच आहे, म्हणून हे कधीतरी मलाही निस्तरावं लागणार. आणि वहिनींच्या जन्मनोंदीत नावाचा रकानाच कोरा निघाला. बाळाचं बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली, नंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. त्यासाठी तीन आठवडे आणि पाच चकरा. एका खिडकीवर तर "तुम्हीच कशावरून?" असंही ऐकून घ्यावं लागलं. ज्यांची पोरं परदेशी जायचं म्हणतात त्यांनी हा रकाना आजच उघडून बघा. लग्न ठरल्यावर नको.

तर बैठकीचं काय झालं. काकांना कायदा पटायला दोन दिवस लागले. त्यांची अडचण कायद्याची नव्हतीच, "लोक काय म्हणतील, एवढी काय घाई होती" ही होती. आजीने सोडवलं. म्हणाली, "अन् तारीख गेली तं लोक पोरीले नांदवतीन का?" पंधरा दिवसांत देवळात पन्नास माणसांत लग्न लागलं. मंगलाष्टकं झाल्यावर भटजी, दोन्हीकडचे साक्षीदार, फोटो, सगळं घेऊन नोंदणीचा अर्ज गेला. दादा अकरा दिवसांची रजा घेऊन आला होता. परतीच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र हातात पडलं.

दादाचं कार्ड त्यानंतर पाच आठवड्यांनी आलं. कोणत्या दिवसापासून रहिवासी, ती तारीख त्या कार्डावर छापलेली असते. त्याने फोटो पाठवला तो कार्डाचा नव्हता, फक्त त्या तारखेचा, आणि शेजारी लग्नाचं प्रमाणपत्र धरलेलं. वहिनींसाठी आय-८२४ नावाचा अर्ज आता गेलाय. पुढे मुंबईला मुलाखत. ती कधी, ते सांगता येत नाही. वहिनी सध्या कारंजालाच आहेत, आणि काकांनी मोठ्या मांडवाचा विषय पुन्हा काढलाय.