आंतरराष्ट्रीय अँपिअर : चांदीच्या वजनावर ठरलेले विद्युतधारेचे एकक (१८९३-१९४८)

प्रस्तावना :
एककाची व्याख्या करणे आणि ते एकक प्रयोगशाळेत प्रत्यक्षात उतरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्युतधारेच्या ‘आंतरराष्ट्रीय अँपिअर’ या जुन्या एककाचा इतिहास म्हणजे या दोहोंमधील अंतराचा इतिहास होय. प्रस्तुत लेखात या एककाचा उदय, त्यातील अंतर्विरोध आणि त्याचा अस्त यांचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत परिषदेने ‘अँपिअर’ हे नाव स्वीकारले. तत्पूर्वी विद्युतधारेसाठी ‘वेबर’ हे नावही प्रचारात होते. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतील विद्युतचुंबकीय एककाचा दहावा भाग म्हणजे एक अँपिअर, असे ठरले. ही व्याख्या सैद्धांतिकदृष्ट्या निर्दोष होती. परंतु तिच्यानुसार मापन करावयाचे तर वेटोळ्यांमधील बल अत्यंत सूक्ष्मतेने मोजावे लागे. मोजक्याच प्रयोगशाळांना ते शक्य होते. दुसरीकडे विजेचे दिवे व यंत्रे यांचा व्यापार झपाट्याने वाढत होता. व्यापाराला कोठेही पडताळता येईल असे माप हवे होते.

चांदीचे मानक :
१८९३ च्या शिकागो परिषदेने यावर रासायनिक उपाय योजला. सिल्व्हर नायट्रेटच्या जलीय द्रावणातून जी स्थिर धारा दर सेकंदास ०.००१११८ ग्रॅम चांदी साचविते, ती व्यवहारापुरती एक अँपिअर मानावी, असे ठरले. प्लॅटिनमचे भांडे ऋणाग्र आणि चांदीची कांडी धनाग्र, अशी मांडणी असे. प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर भांड्याचे वजन करावयाचे. एक अँपिअर धारा तासभर वाहिल्यास ते सुमारे ४.०२५ ग्रॅमने वाढे. म्हणजेच चांगला तराजू व घड्याळ यांच्या साहाय्याने धारेचे माप निश्चित करता येई. जर्मनीच्या १८९८ च्या कायद्यानेही हेच चांदीचे मानक स्वीकारले.

अंतर्विरोध :
शिकागो परिषदेने एक अडचणही निर्माण करून ठेवली होती. ओहम पाऱ्याच्या १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या स्तंभावरून, अँपिअर चांदीवरून आणि व्होल्ट क्लार्क घटावरून, अशी तिन्ही एकके तिने स्वतंत्रपणे निश्चित केली. वास्तविक ओहमच्या नियमानुसार यांपैकी दोन निश्चित होताच तिसरे आपोआप ठरते. मापने अधिक अचूक होताच तिन्ही मूल्यांचा मेळ बसेनासा झाला. म्हणून १९०८ च्या लंडन परिषदेने ओहम व अँपिअर यांना मूलभूत मानून व्होल्ट त्यांवरून साधित केला. चांदीचे मूल्य ०.००१११८०० ग्रॅम असे नोंदविले.

तथापि चांदीही पूर्णतः विश्वासार्ह ठरली नाही. धनाग्रावरून सुटणारे कण भांड्यात पडू नयेत म्हणून त्याभोवती गाळणकागद गुंडाळण्याची पद्धत होती. १९१० साली वॉशिंग्टन येथे अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्रितपणे प्रयोग केले. त्या सुमाराच्या संशोधनातून कागदातील अशुद्धीमुळे साचणाऱ्या चांदीचे वजन वाढते, हे स्पष्ट झाले.

अस्त :
पुढे बलाचे थेट मापन पुरेसे अचूक झाले आणि प्रतिनिधी मानकाची गरज संपली. १ जानेवारी १९४८ पासून आंतरराष्ट्रीय अँपिअर रद्द होऊन मूळ निरपेक्ष अँपिअर पुन्हा प्रस्थापित झाला. दोहोंतील फरक अल्प होता : जुना एक अँपिअर म्हणजे नवे ०.९९९८५ अँपिअर. २० मे २०१९ पासून अँपिअर इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराच्या निश्चित मूल्यावर आधारलेला आहे.

निष्कर्ष :
चांदी ही प्रारंभी अँपिअरची केवळ प्रतिनिधी होती. कायद्याने मात्र तिलाच अँपिअर बनविले. असे असले तरी या मानकाचे ऐतिहासिक कार्य नाकारता येत नाही. निर्दोष व्याख्या मूठभरांच्याच हाती असताना, सर्वांना पडताळता येईल असे माप त्याने उद्योगाला दिले. एककाची प्रतिष्ठा त्याच्या सैद्धांतिक शुद्धतेइतकीच त्याच्या सार्वत्रिक उपलब्धतेवरही अवलंबून असते, हेच यावरून सिद्ध होते.