विषमज्वराच्या जिवाणूची जनुकीय विविधता : मुंबई व नवी मुंबई

विषमज्वर, म्हणजेच टायफॉइड, हा रक्तात उतरणारा संसर्ग आहे. जुन्या पिढीचा 'मुदतीचा ताप' तो हाच. साल्मोनेला टायफी हा जिवाणू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातो आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो. माणसाखेरीज त्याला दुसरा आसरा नाही, त्यामुळे माणसे जातात तिथे त्याच्या वंशशाखाही पोहोचतात.

त्याचा जनुकसंच सुमारे 48 लाख अक्षरांचा असून वर्षाकाठी त्यात सरासरी एकही अक्षर बदलत नाही. ई. कोलायपुढे ही विविधता अगदी तुटपुंजी. रुग्णाच्या दृष्टीने मात्र एकेक अक्षर मोलाचे. जायरेज-ए जनुकाच्या 83व्या तीन-अक्षरी गटात (कोडॉनमध्ये) टीसीसीचे टीटीसी झाले, की प्रथिनात सेरीनच्या जागी फेनिलॲलनिन बसते आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा जोर ओसरतो. असे तीन बदल एकत्र आले की ते औषध निकामीच होते.

दक्षिण आशियात 1980च्या दशकाच्या आसपास उगम पावलेली एच58 (4.3.1) ही शाखा पुढे आफ्रिकेपर्यंत गेली. भारतात तिच्या 4.3.1.2 या उपशाखेचे प्राबल्य आहे. मुंबईत याच उपशाखेतील काही जिवाणूंत एसएचव्ही-12 हे प्रतिरोधाचे जनुक वाहणारे प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे सुटे कडे, सापडले. असे जिवाणू सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद देत नाहीत. सिंधमध्ये 2016 पासून पसरलेला अतिप्रतिरोधक जिवाणू 4.3.1.1 चा, त्याचे प्लाझ्मिडही वेगळे. म्हणजे मुंबईतला हा प्रतिरोध तिथून आलेला नाही, स्वतंत्रपणे उपजलेला आहे.

हे सारे कळते ते रक्ताच्या कल्चरमधून. रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा जेमतेम एखादाच जिवंत जिवाणू असतो. म्हणून प्रौढाचे आठ-दहा मिलिलिटर रक्त बाटलीत घ्यावे लागते, तेही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी. तरीही निम्म्याच्या आसपास रुग्ण निसटतात. विडाल चाचणी स्वस्त असली तरी भरवशाची नाही, आणि तिच्यातून जिवाणू हाती लागत नाही. केवळ तिच्यावर विसंबून औषध लिहिणे थांबायला हवे.

लशीला या शाखाभेदांची फारशी अडचण नाही, कारण तिचे लक्ष्य असलेले व्हीआय आवरण जवळपास सर्व शाखांत सारखेच आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने 2018च्या जुलै-ऑगस्टमध्ये 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या 1 लाख 13 हजारांवर मुलांना संयुग्मित लस दिली. सार्वजनिक यंत्रणेची ही देशातील पहिलीच अशी मोहीम. हैदराबादच्या भारत बायोटेकची हीच लस त्या वर्षी सिंधमधील हैदराबादेतही वापरली गेली आणि तिथल्या अतिप्रतिरोधक जिवाणूविरुद्धही प्रभावी ठरली.