निस्सान जीटी-आर : आर३४ आणि आर३५ पिढ्या

जपानच्या निस्सान कंपनीची टर्बोचार्जर असलेली, दोन दारांची अतिवेगवान मोटारगाडी. आर३४ ही पिढी १९९९ ते २००२ या काळात ‘स्कायलाइन जीटी-आर’ या नावाने विकली गेली. २००७ मध्ये आलेल्या आर३५ च्या नावातून ‘स्कायलाइन’ वगळण्यात आले आणि तिचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले.

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरणारा आणि सिलिंडरांत जादा हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर एंजिनाचे आकारमान न वाढवता शक्ती वाढवतो. सहा सिलिंडर, दोन टर्बोचार्जर आणि मागची चाके घसरू लागताच पुढच्या चाकांकडे शक्ती वळवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही दोन्ही पिढ्यांची समान वैशिष्ट्ये आहेत.

आर३४ मध्ये २,५६८ घ. सेंमी. एंजिनाचे सिलिंडर एका सरळ रांगेत असून सहा गिअर चालकाला हाताने बदलावे लागतात. तिची शक्ती कागदोपत्री २८० अश्वशक्तीच राहिली, कारण त्याहून मोठा आकडा जाहीर न करण्याचा अलिखित संकेत त्या वेळी जपानी उत्पादक पाळत होते. आर३५ मध्ये ३,७९९ घ. सेंमी. एंजिनाचे सिलिंडर ‘व्ही’ आकारात आहेत. आरंभीची ४८० अश्वशक्ती २०१६ पर्यंत ५७० वर गेली. तिची गिअरपेटी मागच्या चाकांजवळ असल्याने वजन पुढे-मागे अधिक समतोल विभागले जाते. सम आणि विषम गिअरांसाठी स्वतंत्र क्लच असल्याने पुढचा गिअर आधीच तयार राहतो आणि बदल क्षणार्धात होतो.

आर३५ डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे विक्रीस आली. आर३४ येथे कंपनीकडून कधीच विकली गेली नाही. जपानप्रमाणे भारतातही वाहने डावीकडून चालत असली, तरी तीन वर्षांहून जुन्या वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवर निर्बंध असल्याने ती नंतर आणणेही सामान्य ग्राहकाला शक्य झाले नाही. देहूरोडजवळ किवळे येथून मुंबईकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किमी.ची मर्यादा असून घाटात ती आणखी कमी होते. त्यामुळे ताशी ३०० किमी. ओलांडणाऱ्या आर३५ चा कमाल वेग तेथे गैरलागू ठरतो आणि तिचे ब्रेक व रस्त्यावरील पकड हेच गुण उपयोगी पडतात.

वेग आणि यांत्रिक अचूकता या कसोट्यांवर आर३५ सरस ठरते. चालकाच्या कौशल्याला वाव देण्यात मात्र आर३४ श्रेष्ठ आहे.